विहिरीसाठी, मामा तलावासाठी पाण्याखालचा छोटा टॉर्च: कोणता घ्यावा, त्यात कोणते सेल घालावेत

चार वर्षांपूर्वी वैशाखात एका शेतातल्या विहिरीतून आम्ही सबमर्सिबल मोटार काढत होतो. दोर ताणून हात सोलले तरी मोटार हलेना. विहिरीत तीन पुरुष पाणी. आमच्यातला एक चांगला पोहणारा गडी बाजारातून आणलेला 'वॉटरप्रूफ' टॉर्च घेऊन खाली गेला, वर आला आणि म्हणाला, "भाऊ, दोर कपारीत अटकला हाये." दुसऱ्या बुडीत टॉर्च विझला. वरून आम्हाला पाण्यात हलणारा पिवळसर उजेड दिसत होता, तो एकदम गेला. गडी पाइप चाचपत वर आला, पण तेवढ्या वेळात काठावर कोणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. नंतर टॉर्च उघडला तर आत चमचाभर पाणी निघालं.

तेव्हापासून हा विषय मी मनावर घेतला. मोटार दुरुस्तीचं काम करतो म्हणून व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर, ओ-रिंग (सांध्यातून पाणी शिरू नये म्हणून बसवायची रबरी कडी), सेल हे रोजच हातात असतात. आमच्या भंडारा-गोंदियाकडे पाण्यात उतरायची कारणंही पुष्कळ. फुटवॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) गाळात रुततो, मोटारीचा दोर तुटतो, मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या, तुडुमात (पाणी सोडायच्या मोरीत) लाकूड अडकतं, मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांचं जाळं बुडालेल्या झाडाला गुंततं. कोणी बुडालं तर पहिली हाक गावातल्या गोताखोरांनाच जाते. बाजारात मिळणारे डायव्हिंगचे टॉर्च मात्र समुद्रातल्या स्वच्छ पाण्याचा विचार करून बनवलेले असतात, आणि त्यांची जाहिरात लुमेनच्या, म्हणजे उजेड मोजायच्या, आकड्यावर चालते. आपल्या गढूळ पाण्यात तो आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी पाणी बघायचं, मग झोत, मग सेल.

एक शब्दाचा घोळ आधी मिटवतो. आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. दुकानात "पाण्यातली बॅटरी द्या" म्हटलं की दुकानदार टॉर्च काढतो, आणि ऑनलाइन 'बॅटरी' शोधलं की नुसते सेल दिसतात. इथे उजेड देणारी वस्तू म्हणजे टॉर्च आणि आत बसतो तो सेल.

टॉर्चच्या आधी विहीर

टॉर्च कितीही चांगला असला तरी पुढच्या गोष्टी झाल्याशिवाय कोणी उतरू नये.

स्टार्टर बंद करणं पुरेसं नाही. पुष्कळ शेतकऱ्यांनी ऑटो स्विच लावलेला असतो; लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते. त्यामुळे ऑटो काढा, पेटीतले फ्यूज काढून खिशात ठेवा आणि एक माणूस पेटीजवळ बसवा. लाइन नाही म्हणून आज चिंता नाही असं कधी समजू नका, कारण शेतीची लाइन कोणत्या मिनिटाला येईल याचा भरवसा नसतो.

बरेच दिवस न वापरलेल्या, खोल, वरून झाकलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो आणि विषारी वायूही साचतो. पेटता कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे. कंदील विझला तर अजिबात उतरायचं नाही. पण तो जळत राहिला म्हणून हवा चांगली, असंही नाही. सडक्या गाळातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड फार थोड्या प्रमाणात जीव घेतो आणि कंदील त्याची खबर देत नाही. शिवाय आत जळणारा वायू साचला असेल तर त्याच ज्योतीने भडका उडू शकतो. विहिरीत डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन चालवलं असेल तर त्या दिवशी उतरूच नका. खाली गेलेला माणूस पडला म्हणून दुसरा धावतो, त्याच्यामागे तिसरा, असे एकाच विहिरीत तीन-तीन बळी गेल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत.

बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेऊन 'दम भरण्याची' सवय पोरांमध्ये आहे. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त श्वास घ्यावासा वाटण्याची जाणीव उशिरा होते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध होतो. कमरेला दोर हवा, वर दोर धरणारा हवा. आणि टॉर्च कधीही एक नको, दोन हवेत.

पांढऱ्या ताटलीने पाणी मोजा

इटलीतल्या अँजेलो सेकी नावाच्या शास्त्रज्ञाने 1865 मध्ये समुद्राचं पाणी किती स्वच्छ आहे ते मोजायला एक पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली आणि ती दिसेनाशी झाली ती खोली नोंदवली. हीच युक्ती विहिरीवर चालते. घरातली पांढरी ताटली घ्या, जुनी तामचिनीची असेल तर फारच चांगलं. तिला खाली दगड बांधा, दोरीला फुटा-फुटावर गाठी मारा आणि दुपारच्या उजेडात हळूहळू सोडा. कितव्या गाठीला ताटली दिसेनाशी झाली ते लक्षात ठेवा.

उन्हाळ्यात, गाळ बसलेल्या विहिरीत ती दहा-बारा फुटांपर्यंतही दिसते. पावसाळ्यातल्या मामा तलावात दोन फुटांतच हरवते. ताटली दोन फुटांत हरवत असेल तर जगातला कोणताही टॉर्च तुम्हाला दहा फूट दाखवणार नाही. तिथे काम हातांच्या स्पर्शानेच करायचं आहे आणि टॉर्च फक्त हाताजवळची वस्तू ओळखायला लागणार आहे, हे मान्य करून खरेदी करा. मग दुप्पट पैसे देऊन मोठा टॉर्च घ्यायची गरज उरत नाही.

आमच्याकडचे एक ज्येष्ठ ढिवरकाका पोरांना नेहमी सांगतात, "गाळ उठला का दिवा कोनत्याच कामाचा नाही बाबू. पाय खाली टेकवू नको." तलावाचा तळ म्हणजे वर्षानुवर्षांची साय असते. एकदा पाय पडला की पंधरा-वीस मिनिटं पाणी निवळत नाही.

झोत अरुंद हवा

धुक्यात मोटारसायकलचा मोठा लाइट लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. गढूळ पाण्यात तेच होतं. पाण्यात तरंगणारे मातीचे कण उजेड परत आपल्याच डोळ्यांवर फेकतात. झोत जितका पसरट, तितके जास्त कण उजळतात. म्हणून व्हिडिओसाठी बनवलेले 90 किंवा 120 अंशांचे टॉर्च विहिरीत निरुपयोगी ठरतात, त्यावर लुमेन कितीही लिहिलेले असोत. आपल्याला 6 ते 10 अंशांच्या आसपासचा अरुंद, एकवटलेला झोत हवा. वेष्टनावर हा कोन लिहिलेला असतो. लिहिलाच नसेल तर तो टॉर्च बाजूला ठेवा.

विकत घेण्याआधी बघायची सोय असेल तर ड्रम भरून पाणी घ्या, त्यात मूठभर काळी माती ढवळा आणि टॉर्च काठावरून आत मारा. अरुंद झोताची काठी पाण्यात उभी दिसते. पसरट झोताचा नुसता दुधट गोळा दिसतो.

पाण्याखाली टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरू नका. हात बाजूला लांब करा, झोत तिरका टाका. उजेड आणि डोळे यांच्यात जितकं अंतर, तितका कणांचा चकचकाट कमी. टॉर्च कपाळाला बांधून बुडी मारणाऱ्यांना सगळ्यात कमी दिसतं ते यामुळेच.

लुमेनचं म्हणाल तर मुख्य टॉर्चला खरे 800 ते 1000 लुमेन भरपूर आहेत, जोडीच्या टॉर्चला 200-300 चालतात. 'खरे' हा शब्द मुद्दाम वापरतोय. छोट्या टॉर्चमधला एलईडी एका वॅटला साधारण 100 लुमेन देतो असं धरा. 1000 लुमेन म्हणजे 10 वॅट. 18650 नावाच्या एका रिचार्जेबल लिथियम सेलमध्ये साधारण 11 वॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे पूर्ण उजेडावर जेमतेम तासभर. आता एकाच सेलच्या टॉर्चवर कोणी 10,000 लुमेन लिहिलं असेल तर त्याला 100 वॅट लागतील, आणि तेवढा प्रवाह बहुतेक 18650 सेल देऊच शकत नाहीत. हा हिशेब डोक्यात ठेवला की निम्मे टॉर्च दुकानातच बाद होतात.

आणखी एक आकडा फसवतो, तो म्हणजे किती वेळ चालेल. टॉर्च मोजण्याच्या एफएल-1 या प्रचलित मानकात, उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरला जातो. 'तीन तास' लिहिलेल्या टॉर्चचा कामाचा उजेड एक तासातच संपलेला असू शकतो. घरी आणल्यावर घड्याळ लावून स्वतः बघा, आणि बघताना टॉर्च पाण्याच्या बादलीत ठेवा. हे टॉर्च पाण्याने थंड राहतील असं धरूनच बनवलेले असतात. बाहेर, तेही आपल्या मे महिन्यात, पूर्ण उजेडावर ठेवले तर हाताला चटका बसेल इतके तापतात.

'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका

आयपीएक्स-7 लिहिलेला टॉर्च एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, एवढाच त्याचा अर्थ. पावसात, बांधावर पाणी देताना ठीक, बुडीसाठी नाही. आयपीएक्स-8 किंवा आयपी-68 मध्ये किती खोल आणि किती वेळ हे बनवणारा ठरवतो, म्हणून त्यापुढे मीटरचा आकडा लिहिलेला आहे का ते बघा. बुडीसाठी बनवलेल्या टॉर्चवर 60, 100 किंवा 150 मीटर असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

कोणी म्हणेल, आपली विहीर 40 फूट, 100 मीटरचा टॉर्च कशाला? विहिरीच्या पाण्यात दर 34 फुटांना हवेच्या दाबाइतका आणखी एक दाब वाढतो. 30 फुटांवर तीन सेंटिमीटरच्या काचेवर सहा किलोच्या वर भार येतो. शिवाय टॉर्च दगडावर आपटतो, पाइपावर घासतो, ओ-रिंगवर वाळूचा कण बसतो. 100 मीटरचा टॉर्च घेतला की या सगळ्याला पुरेल इतकी ताकद हातात राहते.

बघायच्या जागा मोजक्याच आहेत. झाकणाच्या आट्यांवर ओ-रिंग दोन हव्यात, एक नको. काच जाड, कडक केलेली हवी. बॉडी अॅल्युमिनियमची असेल तर उष्णता लवकर बाहेर जाते. प्लॅस्टिकची हलकी असते आणि जोडीच्या टॉर्चला चालते. डोकं पुढे-मागे सरकवून झोत बदलणारे झूमवाले टॉर्च अजिबात नकोत, कारण तो सरकता सांधा पाण्यालाही वाट देतो. माझ्या गड्याच्या हातात होता तो असाच होता.

स्विचबद्दल माझं मत पक्कं आहे. बॉडीला भोक पाडून बसवलेलं रबरी बटण नको. दाबाने ते आपोआप दाबलं जातं, रबर फाटलं की पाणी सरळ आत. दोन पर्याय चांगले आहेत. एक, डोकं पिळून पेटणारा टॉर्च: त्याला वेगळं भोकच नसतं, बिघडायला काही नसतं. त्याचा एकच धोका, विझवताना घाईत जास्त पिळलं तर ओ-रिंग सुटते. म्हणून पाण्याखाली विझवायचाच नाही. एकदा पेटवला की वर आल्यावरच विझवा. दुसरा, चुंबकाचा सरकता स्विच: आत-बाहेर जोडणारं भोक नाही, एका बोटाने चालतो. पण गाळ-वाळू अडकली की जाम होतो, प्रत्येक बुडीनंतर धुवावा लागतो. मुख्य टॉर्च चुंबकाचा आणि जोडीचा पिळण्याचा, अशी माझी जोडी आहे.

सेल: इथे सगळ्यात जास्त विचार करा

टॉर्च निवडताना माणसं सेलकडे शेवटी बघतात. खेड्यात राहणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: मी वर्षातून किती वेळा पाण्यात उतरतो, आणि त्या दिवशी मला सेल कुठे मिळेल?

वर्षातून तीन-चार वेळा उतरणाऱ्याने पेन्सिल सेलवर, म्हणजे एए आकाराच्या सेलवर चालणारा टॉर्च घ्यावा. लिथियमचा महागडा टॉर्च आठ महिने कपाटात पडून राहतो आणि ऐन वेळी सेल मेलेला निघतो. पेन्सिल सेल तालुक्याच्या गावी केव्हाही मिळतात. पण दुकानात एक गोष्ट नक्की वाचा. किराणा दुकानात घड्याळासाठी, रिमोटसाठी मिळतात ते स्वस्त सेल बहुधा झिंक-कार्बनचे असतात. त्यांच्यात टॉर्चला लागणारा प्रवाह द्यायची ताकद नसते. टॉर्च पाच-दहा मिनिटांत मलूल होतो आणि सेल आतच पाझरतात. सेलवर 'अल्कलाइन' हा शब्द हवाच. अल्कलाइन सेलही जोराच्या टॉर्चमध्ये आपल्या क्षमतेच्या अर्ध्याच्या आसपासच ऊर्जा देतात. काम झालं की ते काढून ठेवा, नाहीतर त्यांच्यातला क्षार बाहेर येऊन स्प्रिंग खातो.

महिन्यातून एकदा-दोनदा तरी उतरणाऱ्याला निकेल-मेटल हायड्राइडचे, म्हणजे एनआयएमएच लिहिलेले रिचार्जेबल पेन्सिल सेल मी मनापासून सुचवतो. दाब 1.5 ऐवजी 1.2 व्होल्ट असतो म्हणून लोक त्यांना कमजोर समजतात. प्रत्यक्षात जोराच्या कामात ते अल्कलाइनपेक्षा कितीतरी चांगले टिकतात. 2000 एमएएचच्या (एमएएच म्हणजे सेलची साठवण मोजायचं माप) एका सेलमध्ये सुमारे 2.4 वॅट-तास, चारात 9.6. म्हणजे चार पेन्सिल सेल एका 18650 च्या जवळपास पोचतात. घेताना 'लो सेल्फ डिस्चार्ज' प्रकारचे घ्या, ते भरून ठेवले तर महिनोनमहिने भार धरून राहतात. हे सेल 2005 च्या सुमारास बाजारात आले. त्याआधीचे एनआयएमएच सेल महिन्याभरात रिकामे व्हायचे, त्यामुळे जुन्या लोकांच्या मनात अढी आहे. चार्जर प्रत्येक सेल वेगळा भरणारा हवा. चार सेलवर क्रमांक टाकून त्यांची चौकडी कधी फोडू नका. एक जुना आणि तीन नवे मिसळले की जुना आधी संपतो, बाकीचे त्यात उलटा प्रवाह ढकलतात आणि तो हायड्रोजन सोडतो. बंद टॉर्चमध्ये हायड्रोजन साचणं धोक्याचं आहे. काही टॉर्चमध्ये हा वायू शोषायला आत छोटी गोळी बसवलेली असते. ती कचरा समजून फेकू नका.

गोताखोर पथकात असाल, आठवड्याला उतरत असाल, तर 18650 शिवाय पर्याय नाही. हे नाव म्हणजे त्याचं माप आहे: 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य गोल आकाराचं. त्याचा थोरला भाऊ 21700, तो 21 जाड आणि 70 लांब. 18650 मध्ये 3000 ते 3500 एमएएच मिळतात, 21700 मध्ये 4000 ते 5000. 18650 सेलवर 9900 एमएएच छापलेलं दिसलं की तो खोटा, यात शंका ठेवू नका. खोटा ओळखायला सोनाराचा काटा वापरा: चांगला 18650 साधारण 45 ते 50 ग्रॅम भरतो, खोटा पुष्कळदा बराच हलका निघतो. जुन्या लॅपटॉपमधून किंवा पॉवर बँकेतून काढून नवं वेष्टन चढवलेले सेलही विकले जातात. ते टॉर्चमध्ये घालून माणूस पाण्यात सोडू नका. सेलवर भारतीय मानक आयएस 16046 आणि 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा.

टॉर्चसाठी 'प्रोटेक्टेड' सेल घ्या. त्याच्या बुडाशी एक छोटी पट्टी असते. सेल फार उतरला किंवा शॉर्ट झाला तर ती प्रवाह तोडते. या पट्टीमुळे सेल तीन ते पाच मिलिमीटर लांब होतो, म्हणून टॉर्चमध्ये बसतो का ते आधी बघा. घट्ट बसत नसेल तर झाकण ठोकून बसवू नका, ओ-रिंग पूर्ण आत जात नाही.

पण या सेलचा एक स्वभाव पाण्याखाली जिवावर येऊ शकतो. पेन्सिल सेलचा टॉर्च हळूहळू पिवळा पडतो, सांगून विझतो. लिथियमचा टॉर्च शेवटपर्यंत लखलखीत राहतो आणि पट्टीने तोडलं की एका क्षणात काळोख. म्हणून सेल संपत आल्यावर आधी लुकलुकणारा किंवा उजेड कमी करणारा टॉर्चच निवडा. आणि म्हणूनच माझी शिफारस अशी: मुख्य टॉर्च एका 18650 किंवा 21700 चा, जोडीचा टॉर्च पेन्सिल सेलचा. दोन्हींत वेगळ्या जातीचे सेल असले की एकच चूक दोन्ही टॉर्चना बुडवत नाही. दोन लिथियम सेल एकामागे एक घालायचे टॉर्च टाळा. दोघांचा भार सारखा राखणं घरच्या घरी अवघड जातं.

पेन्सिल सेलच्याच आकाराचा 14500 नावाचा लिथियम सेल मिळतो. तो 3.7 व्होल्टचा असतो. दिसायला सारखा म्हणून साध्या पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये घातला तर आतली सर्किट जळते. घरात असा सेल असेल तर त्यावर लाल चिकटपट्टी लावून ठेवा.

ज्यातला सेल काढताच येत नाही असे यूएसबीने चार्ज होणारे टॉर्च हल्ली पुष्कळ आहेत. सोयीचे वाटतात, पण मी ते घेत नाही. चार्जिंगचं भोक ही पाण्याला आणखी एक वाट असते, दोन-तीन वर्षांत सेल थकला की आख्खा टॉर्च टाकावा लागतो, आणि काठावर सेल बदलून पुन्हा उतरता येत नाही. त्यापेक्षा यूएसबीवर चालणारा वेगळा चार्जर घ्या. लाइन गेली तर पॉवर बँकेवर किंवा छतावरच्या छोट्या सोलर पॅनेलवरही सेल भरतात.

घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी टॉर्चमध्ये सेल घालायचाच नाही. सेलच्या जागी वर्तमानपत्राची कोरडी सुरळी घाला, झाकण लावा, टॉर्चला दगड बांधा. आधी हातभर पाण्याच्या टाकीत अर्धा तास ठेवा, मग विहिरीत तळापर्यंत सोडून अर्धा तास. दोन्ही करायला हवं. खोल पाण्यात दाबाने ओ-रिंग घट्ट बसते, त्यामुळे काही टॉर्च तळाशी कोरडे राहतात आणि उथळ पाण्यातच पाझरतात. बाहेर काढा, बाहेरून पुसून कोरडा करा, झाकण खाली धरून उघडा. कागदावर ओलीचा डाग दिसला तर टॉर्च परत करा. सेल न घातल्यामुळे काही जळलेलं नसतं, आणि वाद घालायला तुमच्या हातात पुरावा असतो. त्यानंतर सेल घालून, पेटवून, पुन्हा तेच.

काचेच्या आत वाफ धरली तर घाबरू नका, पण ती वाफच आहे का ते बघा. श्रावणातल्या दमट हवेत टॉर्च बंद केला आणि थंड पाण्यात सोडला की आतल्या हवेतली ओल काचेवर जमते; टॉर्च तापला की ती विरते. विरली नाही, थेंब घरंगळला, तर ती गळती. वाफ टाळायला टॉर्च कोरड्या खोलीत बंद करा, आत जागा असेल तर औषधाच्या डबीत येणारी सिलिका जेलची पुडी ठेवा.

ओ-रिंगची निगा

गळतीची कहाणी बहुतेक वेळा एका केसापासून सुरू होते. केस, टॉवेलचा धागा, वाळूचा कण, यातलं काहीही ओ-रिंगवर राहिलं की पाण्याला वाट मिळाली. सेल बदलताना ओ-रिंग बोटाने चिमटीत धरून काढा. सुई किंवा चाकूने काढू नका, ओरखडा पडतो. स्वच्छ कापडाने खाच पुसा, ओ-रिंग दोन बोटांतून फिरवा. कण असेल तर बोटाला लागतो. मग सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात, रिंग नुसती चमकली पाहिजे. ग्रीसचा थर दिला तर तोच माती धरतो.

ट्रॅक्टरचं ग्रीस, खोबरेल, व्हॅसलीन यातलं काही नको. रबराच्या जातीप्रमाणे ती फुगते किंवा सैल होते. सिलिकॉन ग्रीस आरओ फिल्टर बसवणाऱ्यांकडे मिळतं. ओ-रिंग मात्र सिलिकॉन रबराची असेल तर तेही चालत नाही, तेव्हा टॉर्चसोबत आलेलंच ग्रीस वापरा. तालुक्याच्या बेअरिंग-ऑइल सीलच्या दुकानात टॉर्च घेऊन गेलात तर त्या मापाच्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंग मिळतात. चार जास्तीच्या घेऊन ठेवा आणि वर्षाला एकदा बदला.

उतरायच्या दिवशी

मल्टिमीटर शंभर-दोनशे रुपयांत येतो, तो टॉर्चइतकाच गरजेचा समजा. 18650 भरल्यावर 4.2 व्होल्ट दाखवतो, 4.1 च्या खाली असेल तर मी तो घेऊन उतरत नाही. 2.5 च्या खाली गेलेला सेल पुन्हा भरू नका. एनआयएमएच भरून थोडा वेळ ठेवल्यावर 1.3 च्या वर असावा, नवा अल्कलाइन 1.5 च्या वर. दोन्ही टॉर्च काठावर पेटवून दोन मिनिटं बादलीत धरा. बुडबुडे आले की थांबा. टॉर्चची दोरी मनगटात हवी, पण ओढली तर सुटेल अशी. अडकली आणि सुटली नाही तर टॉर्चपायी हात अडकतो. जोडीचा टॉर्च छातीशी, दोन्ही हातांना सापडेल अशा जागी. मुख्य टॉर्च विझला की जोडीचा पेटवायचा आणि सरळ वर यायचं. त्याच्या उजेडात काम पुढे चालवायचं नाही.

आपल्या उन्हाळ्यात सेल

ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा 46-47 वर जातो. बहुतेक लिथियम सेल 45 अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. म्हणजे मे महिन्यात दुपारी, टिनाच्या खोलीत चार्जिंग नको. पहाटे किंवा रात्री उशिरा, फरशीवर, गादी-पांघरुणापासून लांब, आणि घरात कोणी जागं असताना. गाडीच्या डिक्कीत, शेतातल्या मोटारीच्या पेटीत सेल ठेवू नका. मोकळा सेल खिशात चाव्यांसोबत टाकू नका, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. बरेच दिवस लागणार नसेल तर अर्धा भरून, 3.7 व्होल्टच्या आसपास, घरातल्या सगळ्यात थंड कोरड्या कोपऱ्यात ठेवा आणि तीन महिन्यांनी मीटर लावून बघा. नागपूरहून विमानाने मालवणला किंवा अंदमानला जाणार असाल तर सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेतच न्यावे लागतात, सामानात टाकता येत नाहीत.

टॉर्चमध्ये पाणी शिरलंच तर

घाईत झाकण उघडू नका. पाणी आणि सेल एकत्र आले की आत वायू तयार होतो, दाब चढतो आणि आटे सुटता क्षणी झाकण गोळीसारखं उडू शकतं. टॉर्च उघड्या जागी, मातीवर न्या. तणशीच्या ढिगापासून, गोठ्यापासून लांब. तापत असेल, फुसफुसत असेल तर ठेवून द्या आणि दूर व्हा. थंड राहिला तर काही तासांनी, झाकण तोंडाकडे किंवा माणसांकडे न करता, पाव-पाव फेरा थांबत थांबत फिरवा. फस्स आवाज आला की हात थांबवा, वायू जाऊ द्या. सेल बाहेर काढा, टॉर्च साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत दोन दिवस उघडा वाळू द्या. ओ-रिंग नवी घातल्यावर वर्तमानपत्राच्या सुरळीची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करा. भिजलेला लिथियम सेल वाळला तरी पुन्हा चार्ज करू नका, चुलीत किंवा कचऱ्याच्या जाळात टाकू नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि पुढच्या वेळी शहरात जाल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.